लोच मासे : जातीची ओळख

लोच मासे. गोड्या पाण्याच्या तळाशी राहणारे, बहुधा लहान, लांबट शरीराचे व तोंडाभोवती मिशा असलेले अस्थिमत्स्य. यांचा समावेश सायप्रिनिफॉर्मीस गणात होतो. रोहू, कटला, गारा इ. मासेही याच गणातील आहेत. लोचांच्या एक हजाराहून अधिक जाती ज्ञात असून त्या मुख्यतः दक्षिण, आग्नेय व पूर्व आशियात आढळतात. थोड्या जाती यूरोपात आणि अगदी मोजक्या उत्तर व ईशान्य आफ्रिकेत आहेत. घरगुती जलजीवालयात [⟶ जलजीवालय] तळ स्वच्छ ठेवणारा, गोगलगायी खाणारा किंवा केवळ शोभेचा मासा म्हणून लोच पाळतात. पुष्कळदा इतर माशांच्या किंवा पाणवनस्पतींच्या पुडक्यातून एखादा अनोळखी लहान लोच नकळत घरी येतो आणि त्याची जाती कोणती, असा प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत नोंदीत ही ओळख कोणत्या लक्षणांवरून व कितपत खात्रीने करता येते, याचे विवेचन केले आहे.

ओळखीची आवश्यकता : पाच सेंमी. लांबीचे दोन लोच दिसण्यात सारखे असले, तरी त्यांच्या गरजा अगदी भिन्न असू शकतात. सुमात्रा व बोर्निओ येथील क्रोमोबोटिया मॅक्राकँथस हा नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेला मासा सु. ५ सेंमी. लांबीचा असताना विकला जातो; परंतु त्याची लांबी ३० सेंमी.पर्यंत वाढते, तो वीस वर्षांहून अधिक जगू शकतो आणि त्याला सोबत्यांचा थवा लागतो. थायलंडमधील अँबॅस्टाया सिद्धिमुंकी हा मात्र पूर्ण वाढल्यावरही सु. ५-६ सेंमी. इतकाच राहतो. डोंगरी प्रवाहांतील चपट्या लोचांना थंड, वाहते व प्राणवायूने समृद्ध पाणी लागते, तर चिखलात राहणारे काही लोच अल्प प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतात. सिस्ट्युरा प्रजातीतील अनेक मासे तळाचा ठराविक भाग आपला मानून इतरांना हुसकावून लावतात. पँजिओ प्रजातीतील मासे निरुपद्रवी असतात. म्हणून टाकीचे आकारमान, पाण्याचा वेग व तापमान, वाळूचा पोत, सोबती मासे आणि अन्न या सर्वांचा निर्णय ओळखीवर अवलंबून असतो.

सामान्य लक्षणे : मासा लोच आहे की नाही, हे प्रथम ठरवावे लागते. लोचांच्या जबड्यांत दात नसतात; घशातील हाडावर दातांची एक ओळ असते. तोंड खालच्या बाजूस असून त्याभोवती मिशांच्या किमान तीन जोड्या असतात. या मिशा स्पर्श व चव या दोन्हींचे ज्ञान करून देतात. खवले फार बारीक व त्वचेत रुतलेले असतात किंवा मुळीच नसतात. वाताशयाचा (शरीर तरंगते ठेवणाऱ्या हवेच्या पिशवीचा) पुढचा भाग हाडांच्या कोशात बंद झालेला असतो आणि मागचा भाग बहुधा ऱ्हास पावलेला असतो. त्यामुळे पोहणे थांबवताच बहुतेक लोच तळाशी जाऊन बसतात.

काही मासे लोचांसारखे भासतात. खरबा किंवा गोबी गटातील माशांना पृष्ठपक्ष (पाठीवरील पर) दोन असतात आणि श्रोणिपक्ष (पोटाखालील परांची जोडी) बहुधा एकत्र जुळून चकती बनलेली असते. लोचाला पृष्ठपक्ष एकच असतो. मार्जारमीनांच्या (शिंगाळा व त्यासारख्या माशांच्या) अनेक जातींत पृष्ठपक्ष व अंसपक्ष (कल्ल्यांमागील परांची जोडी) यांच्या पुढच्या कडेस कठीण काटा असतो आणि पाठीवर मागे मेदयुक्त लहान पक्षही असतो. लोचांत असे काटे नसतात. गारा प्रजातीच्या माशांना मिशा बहुधा दोन जोड्या असतात आणि हनुवटीखाली चिकटण्यासाठी मांसल चकती असते. सह्याद्रीच्या ओढ्यांतील गारा मल्या ही याच प्रजातीतील असून तिचे जातिनाम स्थानिक मराठी नावावरून घेतलेले आहे. ‘शेवाळ खाणारा मासा’ म्हणून विकला जाणारा जायरिनोकीलस हा लोचांचा दूरचा नातलग आहे. परंतु त्याला मिशा नसतात आणि कल्ल्याच्या झाकणाजवळ पाणी आत घेण्यासाठी एक जादा छिद्र असते.

कुलाचे निदान : लोचांची जुनी वर्गीकरणे आता बदलली आहेत. पूर्वी कोबायटिडी या एकाच कुलात मोडणाऱ्या गटांपैकी बोटिया गटाला टी. टी. नाल्बांट यांनी २००२ मध्ये स्वतंत्र कुलाचा दर्जा दिला. मोरिस कॉटेला यांनी २०१२ मध्ये जगातील लोचांची समग्र सूची प्रसिद्ध केली, तीत दहा कुले मानली आहेत. जुन्या पुस्तकांतील नावे आजच्या नावांशी जुळत नाहीत, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. जलजीवालयात येणारे बहुतेक मासे पुढील पाच कुलांपैकी असतात.

(१) बोटिडी : शरीर दोन्ही बाजूंनी चपटे व तुलनेने उंच, पुच्छपक्ष (शेपटीचा पर) खोलवर दुभागलेला, डोळ्याखाली किंवा किंचित पुढे उभारता येणारा, बहुधा दोन टोकांचा काटा, मिशा तीन किंवा चार जोड्या.

(२) कोबायटिडी : शरीर लांब, कधीकधी जवळजवळ सापासारखे, डोळ्याखाली काटा, मात्र काही जातींत तो त्वचेखाली दडलेला असतो, पुच्छपक्ष गोलाकार किंवा सरळ कापल्यासारखा, मिशा तीन ते पाच जोड्या. पँजिओ, लेपिडोसेफॅलिक्थीस, कोबायटिस व मिसगर्नस या प्रजाती यात येतात.

(३) निमॅकीलिडी : डोळ्याखाली काटा नाही, मिशा तीन जोड्या, दोन मुस्कटाच्या टोकाशी व एक तोंडाच्या कोपऱ्याशी, शरीर पुढच्या बाजूस गोलसर. भारतातील ओढ्यांत आढळणारे बहुसंख्य लहान लोच या कुलातील आहेत.

(४) बॅलिटोरिडी : पोट सपाट, अंसपक्ष व श्रोणिपक्ष आडवे, रुंद व दगडाला घट्ट चिकटण्यास योग्य, या पक्षांच्या पुढच्या कडेस शाखा नसलेले दोन किंवा अधिक किरण.

(५) गॅस्ट्रोमायझॉन्टिडी : रूप वरीलप्रमाणेच, परंतु पक्षांच्या पुढच्या कडेस शाखाहीन किरण एकच. व्हिएटनाममधील सेवेलिया लिनिओलाटा ही व्यापारातील जाती या कुलातील आहे.

यावरून दिसून येईल की, डोळ्याखालचा काटा, पुच्छपक्षाचा आकार, मिशांची संख्या आणि पोटाची ठेवण ही चार लक्षणे पाहिली, तर कुलापर्यंत पोहोचणे सामान्य वाचकासही शक्य आहे. रंग मात्र या टप्प्यावर विचारात घेऊ नये. रंगावरून सुरुवात करणे हे चुकीच्या निदानाचे सर्वांत सामान्य कारण आहे. कारण आडवे पट्टे, ठिपके व काळी रेघ ही चिन्हे एकमेकांशी निकटचे नाते नसलेल्या कुलांत स्वतंत्रपणे उद्भवलेली आहेत.

निरीक्षणाची पद्धत : मासा जाळीने पकडू नये, डोळ्याखालचा काटा जाळीत अडकून माशाला इजा होते. त्याला काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या भांड्यात हळूच वळवून घ्यावे. भांडे अरुंद असल्यास मासा बाजूने स्थिर दिसतो. पाणी त्याच टाकीतील असावे व निरीक्षण काही मिनिटांत आटोपावे. बाजूने, वरून आणि डोक्याच्या खालून अशी तीन छायाचित्रे घ्यावीत व शेजारी मोजपट्टी ठेवावी. लांबी मुस्कटाच्या टोकापासून पुच्छपक्षाच्या मुळापर्यंत मोजतात. शेपटीचा पर धरत नाहीत, कारण तो अनेकदा फाटलेला असतो. पृष्ठपक्ष श्रोणिपक्षाच्या पुढे, बरोबर वर की मागे सुरू होतो, हे टिपून ठेवावे. पुच्छपक्षाच्या मुळाशी पट्टा, ठिपका की डोळ्यासारखी खूण आहे, हेही पहावे. भ्यालेला किंवा नुकताच प्रवास करून आलेला मासा फिकट पडतो, म्हणून रंगाची नोंद तो एक-दोन आठवडे स्थिरावल्यानंतर करणे इष्ट ठरते.

वर्तनही उपयोगी पडते. वाळूत शिरून केवळ डोळे बाहेर ठेवणारा मासा बहुधा कोबायटिडी कुलातील असतो. पृष्ठभागावर येऊन हवा गिळणे हे मिसगर्नस व लेपिडोसेफॅलिक्थीस यांत विशेषत्वाने दिसते. गिळलेल्या हवेतील प्राणवायू आतड्याच्या अस्तरातून रक्तात शोषला जातो व उरलेली हवा गुदद्वारातून बाहेर पडते. वायुभार बदलला की मिसगर्नस अस्वस्थ होऊन पोहू लागतो, यावरून त्याला यूरोपात ‘हवामान दाखवणारा मासा’ असे म्हणतात. अँबॅस्टाया सिद्धिमुंकी मात्र तळ सोडून मधल्या पाण्यातही थव्याने पोहतो.

नर-मादीतील भेद ओळखीत गोंधळ निर्माण करतात. लेपिडोसेफॅलिक्थीसच्या नरात अंसपक्षाचे सातवे व आठवे किरण जुळून एक कठीण पट्टिका बनते. कोबायटिसच्या नरात ती वेगळ्या किरणाच्या मुळाशी असते. पॅराकँथोकोबायटिस या निमॅकीलिडी कुलातील प्रजातीच्या नरात डोळ्याखाली त्वचेची एक झडप असते. ती काटा समजली गेल्यास कुलाचेच निदान चुकते. काटा टोकदार व कठीण असून तो मागे वळतो. झडप मऊ असते.

जाती ठरवण्यातील अडचणी : कुल व प्रजाती ठरल्यावर जातीचा प्रश्न येतो आणि येथे तीन अडचणी उद्‌भवतात. पहिली अडचण वयाची. कोवळ्या माशांची नक्षी प्रौढांपेक्षा वेगळी असते. अँबॅस्टाया प्रजातीत दोनच जाती आहेत. सिद्धिमुंकी या जातीत अंगावर साखळीसारखी नक्षी असते. निग्रोलिनिआटा या जातीच्या पिलांत दोन आडव्या लांब रेघा असतात आणि वयाबरोबर त्यांना जोडणारे उभे पट्टे उमटू लागतात. त्यामुळे प्रौढ निग्रोलिनिआटा हा सिद्धिमुंकीसारखा भासू शकतो.

दुसरी अडचण व्यापारी नावांची. ‘कुली’ या नावाने सर्वत्र विकला जाणारा, पिवळसर अंगावर गडद पट्टे असलेला सापासारखा लोच हा पँजिओ कुली समजला जातो. हे नाव हाइन्रिख कूल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिलेले असून खरी पँजिओ कुली ही जावा बेटावरील जाती आहे. बाजारातील बहुतेक मासे मलाया द्वीपकल्प, सुमात्रा व बोर्निओ येथील पँजिओ सेमिसिंक्टा जातीचे असतात. जुन्या ग्रंथांत ही प्रजाती अकँथॉफ्थॅल्मस या नावाने आढळते. भारतातही ही प्रजाती आहे : गोव्यातून १९७२ मध्ये वर्णन केलेली पँजिओ गोअएन्सिस आणि केरळातील विहिरीत सापडलेली व २०१९ मध्ये वर्णन झालेली पँजिओ भुजिया. पृष्ठपक्ष व श्रोणिपक्ष नसलेल्या या दुसऱ्या माशाला भुजिया या शेवेसारख्या खाद्यपदार्थावरून नाव मिळाले आहे.

तिसरी व सर्वांत मोठी अडचण मूळ स्थानाची. लोचांच्या बऱ्याच जाती एखाद्याच नदीखोऱ्यापुरत्या मर्यादित असतात. त्यांतील भेद इतके सूक्ष्म असतात की, मासा कोणत्या नदीतून आला हे माहीत असल्याशिवाय संग्रहालयातील तज्ज्ञही निर्णय देत नाहीत. व्यापारात मासा तीन-चार हातांतून फिरतो आणि ही माहिती पहिल्याच हाती नाहीशी होते.

दख्खनमधील एक उदाहरण : याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी दख्खनमधील माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील एका लोचाला त्यांनी ‘मुरी’ या स्थानिक मराठी नावावरून कोबायटिस मूरेह असे नाव दिले. पुढे हा मासा गंगेच्या खोऱ्यातील, फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये वर्णन केलेल्या बोटिया या नावाच्या जातीचाच असावा असे मानले गेले आणि मूरेह हे नाव दीर्घकाळ मागे पडले. सिंगर व पेज यांनी २०१५ मध्ये या गटाचा पुन्हा अभ्यास करून पॅराकँथोकोबायटिस मूरेह ही स्वतंत्र जाती असल्याचे दाखविले.

समजा, एखाद्याच्या टाकीत ५ सेंमी. लांबीचा अनोळखी लोच आहे. मिशा सहा आहेत, डोळ्याखाली काटा नाही. म्हणून कुल निमॅकीलिडी. पृष्ठपक्षाचा पाया लांब असून त्यात शाखायुक्त किरण इतर प्रजातींपेक्षा जास्त आहेत आणि पुच्छपक्षाच्या मुळाशी वरच्या अर्ध्या भागात काळी, डोळ्यासारखी खूण आहे. म्हणून प्रजाती पॅराकँथोकोबायटिस. या ठिकाणी मुळाशी सबंध उभा काळा पट्टा असता, तर तो बहुधा सिस्ट्युरा ठरला असता. आता हा मासा भीमा किंवा कृष्णेच्या ओढ्यातून आणला असे निश्चित ठाऊक असेल, तर तो मूरेह असण्याचा संभव फार मोठा आहे. तो दुकानातून आला असेल, तर ‘पॅराकँथोकोबायटिस प्रजातीतील एक जाती’ एवढेच म्हणणे शास्त्रशुद्ध होय. प्रजातीवर थांबणे हे अपुरे निदान नव्हे. पुराव्याने जेथपर्यंत नेले तेथपर्यंतचे ते पूर्ण निदान आहे. माशाची निगा राखण्यासाठी एवढी ओळख बहुधा पुरेशी असते.

फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुणे परिसरातून वर्णन केलेला इंडोरिओनेक्टीस इव्हझार्डाय हाही असाच मासा आहे. लांब मिशा व नाकपुडीपासून निघालेला मिशीसारखा भाग यांवरून त्याची प्रजाती सहज ओळखता येते. छत्तीसगढमधील कोटुमसर गुहेतील या प्रजातीचे मासे अंधारातील जीवनाशी जुळवून घेतलेले आहेत. एकच मानल्या गेलेल्या या जातीत प्रत्यक्षात अनेक जाती दडलेल्या आहेत, असे अलीकडील जनुकीय अभ्यासांवरून दिसून आले आहे.

तज्ज्ञांकडून निदान : प्रयोगशाळेत पक्षांतील किरणांची गणना, शरीराच्या भागांची परस्पर प्रमाणे, पार्श्वरेषेची लांबी व वाताशयाच्या कोशाचा आकार तपासतात. यांखेरीज कलकणूंतील (पेशीतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांतील) एका ठराविक जनुकाचा क्रम वाचून त्याची ज्ञात जातींशी तुलना करतात. ही पद्धत पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचविली. तिचे निष्कर्ष तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यांइतकेच विश्वसनीय असतात. मूळ नमुन्याचेच नाव चुकले असेल, तर चूकच पुढे जाते. भारतीय लोचांसाठी सुंदरलाल होरा यांचे संशोधन आणि ए. जी. के. मेनन यांचे भारतीय प्राणी सर्वेक्षणाने १९८७ व १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेले दोन भाग आधारभूत मानले जातात, तथापि त्यांतील नावे आजच्या वर्गीकरणाशी ताडून पहावी लागतात. टाकीतील अनोळखी मासा मेल्यास तो फेकून न देता जपून ठेवावा. सौम्य फॉर्मॅलिनमध्ये शरीराचा आकार टिकतो, पण जनुकीय द्रव्य खराब होते. तीव्र अल्कोहॉलमध्ये जनुकीय द्रव्य टिकते. म्हणून संग्रहालये अशा नमुन्याचा लहानसा तुकडा अल्कोहॉलमध्ये वेगळा ठेवतात.

संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्व : सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये वर्णन केलेला बोटिया स्ट्रायेटा हा अरुंद तिरप्या पट्ट्यांचा लोच सह्याद्रीत, मुख्यतः कृष्णेच्या खोऱ्यात आढळतो व अन्यत्र कोठेही आढळत नाही. त्याचा एक प्रकार १९५६ मध्ये कोल्हापूरवरून नामांकित करण्यात आला होता. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या सूचीत या जातीची गणना संकटग्रस्त जातींत केलेली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या ३० जातींचे सु. १५ लाख मासे शोभेसाठी निर्यात झाले व त्यांत बोटिया स्ट्रायेटाचा वाटा मोठा होता. निर्यातीच्या कागदांवर बहुतेक मासे ‘जिवंत शोभेचे मासे’ अशा सर्वसाधारण नावाने नोंदलेले होते. ज्या माशाची नोंद जातिनामाने होत नाही, तो नदीतून किती काढला गेला हे कळत नाही आणि त्याच्या संरक्षणाचा नियमही करता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पूर्व आशियातील मिसगर्नस अँग्विलिकॉडॅटस हा मासा जलजीवालयांतून बाहेर पडून ऑस्ट्रेलियात १९८४ मध्ये नैसर्गिक पाण्यात आढळला आणि नंतर तेथे पसरला. नको झालेला किंवा न ओळखता आलेला लोच विहिरीत, तळ्यात वा ओढ्यात सोडणे म्हणूनच अयोग्य होय. तो मूळचा त्याच प्रदेशातील वाटला तरीही. एका खोऱ्यातील मासा दुसऱ्या खोऱ्यात गेल्यास त्याबरोबर रोगजंतू व परजीवी जातात आणि दोन निकटच्या जातींचा संकर होण्याचाही धोका असतो. असा मासा दुसऱ्या जाणकार पालकाकडे किंवा विक्रेत्याकडे परत द्यावा, आणि त्याच्यासोबत तो कोठून, केव्हा आला व त्याची कोणती लक्षणे दिसली, याची लेखी नोंदही द्यावी.